कवडीच्या पाठीवरची पिसं

धायरी, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. राकेश यास,
बाबांचा सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

कोंडीराममामांचा गुडघा कसा आहे? थंडी पडू लागली की त्यांना जिना चढवत नाही, म्हणून विचारतो. मामींनी साखर तपासून घेतली का? आजींना ऐकू येण्याचं यंत्र आणलं होतं, ते कानाला लावतात की अजून उशीखालीच आहे? आणि तुझा खोकला? फलटणला धूळ फार, आणि तुला ती लहानपणापासून सोसत नाही. क्लासमधली मुलं गणिताला बसतात ना नीट?

इकडे आम्ही ठीक. आईची रक्तदाबाची गोळी चालू आहे. विसरते, मग माझ्यावरच ओरडते. सोनालीचं लग्न चौदा डिसेंबरला, पत्रिका पोचलीच असेल. तू येणार नाहीस असं आईला फोनवर म्हणालास, ते तिने मला सांगितलं. त्याबद्दल पुढे लिहितो. माझा आवाज आला की तू "ठेवतो" म्हणतोस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र ठेवून दिलंस तरी उद्या पुन्हा उघडता येतं.

आधी कोंबड्यांची बातमी. तू गेलास तेव्हा नऊ होत्या, अजून नऊच आहेत, पण मध्यंतरी आठ होण्याची वेळ आली होती. शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम निघालं. मधली भिंत पाडली, त्यामुळे कुत्री सरळ आपल्या अंगणात. मी सगळ्या कोंबड्या दिवसभर खुराड्यात कोंडून ठेवायला लागलो. जुन्या खिडकीच्या जाळीचं ते खुराडं, रात्री झोपण्यापुरतं केलेलं. पंधरा दिवसांत कवडीची पाठ उघडी पडली. ती ठिपक्याठिपक्यांची, सगळ्यांत शेवटी दाणे खाणारी, तीच. शेपटीजवळ तर पिसाचा पत्ता नाही, नुसतं लाल मांस.

मी आपला शहाणा. कपाटातून लाल औषध काढलं आणि चांगलं भरपूर लावलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर जखम दुप्पट. मग तिला डालग्याखाली वेगळी ठेवली. आठ दिवस पोळी-भाताचे लाड केले, जखमेवर खपली धरली, म्हणून परत सोडली. तासाभरात सगळ्यांनी मिळून तिला कोपऱ्यात घेतलं. आई धावली नसती तर संपलीच होती. कवडी आईच्या पदरात, आणि आई मला म्हणते, "कारखान्यात पस्तीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या म्हणे! एक कोंबडी दुरुस्त होईना?"

शेवटी पिशवीत घालून तिला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथे आलिमा मॅडम म्हणून नव्या डॉक्टर आहेत, तुझ्याहून लहान असतील. त्यांनी पाठ बघितली आणि विचारलं, "टोचतं कोण?"

"काळी. दुसरी कोण असणार!" काळी तुला माहीत आहे. सकाळपासून कर्कश ओरडणं, भांडणं, दाण्यावर पहिली झडप तिची.

"बघितलंत तुम्ही?"

"बघायला कशाला पाहिजे, मॅडम? तिचा आवाजच पुरे."

"काका, आवाजावरून चोर धरत नाहीत. उद्या स्टूल टाकून बसा आणि नुसतं बघा. आणि ते लाल औषध बंद करा. लाल दिसलं की कोंबडी टोचणारच. तुम्ही तर तिच्या पाठीवर खूण करून दिलीत."

मग त्यांनी जांभळं औषध दिलं. जागा वाढवा म्हणाल्या, दाण्याची भांडी दोन ठेवा, सुकटीचा चुरा घाला, काहीतरी टांगून त्यांना चोचीला काम द्या. आणि निघताना म्हणाल्या, "जिला टोचतात तिला बाहेर काढून उपयोग नाही, काका. ती परकी होते आणि सुरू करणारी आतच राहते. जखम भरेपर्यंत जाळीपलीकडे ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी. आणि सुरू करणारीला शोधा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बसलो. कवडी जाळीपलीकडे होती, पण तोवर तांबडीची पाठही विरळ झाली होती. काळी ओरडत होती, पण समोरून. कोणी दाणा उचलला की सरळ डोक्यावर एक टोच, विषय संपला. पीस कुणाचंच उपटत नव्हती. दीड तासाने मला दिसली ती मावशी. माझी लाडकी, गुबगुबीत, हातावर बसून दाणे खाणारी. ती हळूच तांबडीच्या मागे गेली. आंजारल्यासारखी चोच फिरवली, एक पीस काढलं आणि खाल्लं. पुन्हा एक. तांबडीने मान वळवली तर ही आपली जमीन उकरतेय. मग बाकीच्या आल्या. त्या हिचं बघूनच शिकलेल्या.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "बऱ्याचदा असंच निघतं. भांडखोर कोंबडी बदनाम होते. ही हळूच करते, त्यामुळे तिला स्वतःलासुद्धा वाटत नसेल आपण काही वाईट करतोय असं."

राकेश, फोन ठेवला आणि मी त्या स्टुलावर दुपारपर्यंत बसून राहिलो. सोनाली येऊन म्हणाली, "बाबा, ऊन लागेल." मला ऊन कळलंच नाही. संध्याकाळी मावशीला वेगळी काढली, आणि आता कवडीच्या पाठीवर नवी पिसं फुटू लागली आहेत.

एप्रिलपासून जो कोणी विचारेल त्याला मी सांगत आलो की पोरगा आईच्या ओरडण्याला कंटाळून मामाकडे गेला. आईला ते माहीत आहे. तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. ती तुझ्यावर ओरडायची, हे खरं. "पाच वर्षं झाली परीक्षा देतोस, आता दुसरं काहीतरी बघ" हे तिने तुला तोंडावर सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तुझ्यासाठी गरम भाकरी थापली. पण "कलेक्टरसाहेब" हे नाव तिने पाडलं नाही. ते मी पाडलं.

आधी घरात. "कलेक्टरसाहेबांना चहा द्या." मग वाण्याकडे. मग वाणी म्हणायला लागला, गल्लीतली पोरं म्हणायला लागली, तुझी आत्यासुद्धा. मी कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. मला वाटायचं, माझ्यासारखा प्रेमळ बाप नाही, थट्टामस्करीत पोराचं दुःख हलकं करतो. साखरपुड्याच्या दिवशी तर कमाल केली. चार दिवस आधी तुझा निकाल लागलेला. तू पाहुण्यांना पोह्यांच्या बशा देत होतास आणि मी व्याह्यांना ओळख करून दिली, "हे आमचे कलेक्टरसाहेब. फक्त सरकारला अजून कळलेलं नाही." सगळे खो खो हसले. तूही हसलास. तुझ्या हातातली बशी मला दिसली, तिच्यातला चमचा वाजत होता. मी बघितलं आणि पुढचा विनोद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग घेऊन निघालास. मीच म्हणालो, "जा, हवापालट होईल." माझं मलाच वाटलं की मी समजूतदारपणा केला.

गेल्या रविवारी पाहुण्यांची यादी करायला सगळे घरी जमले होते. जावईबापू केदार चांगला मुलगा आहे, मनात काही नसतं. त्याने सहज विचारलं, "कलेक्टरसाहेब कधी येणार?" आत्या हसली. मी म्हणालो, "त्याचं नाव राकेश आहे. ते दुसरं नाव मी पाडलं होतं, चूक माझी होती. या घरात पुन्हा कुणी उच्चारायचं नाही." केदारचा चेहरा एवढासा झाला. आत्या म्हणाली, "अरे सीताराम, थट्टेचं एवढं काय मनावर घेतोस?" मी म्हणालो, "ताई, थट्टा माझी होती. पिसं त्याची गेली." आई आतून चहा घेऊन आली. कप माझ्यासमोर ठेवताना हळूच म्हणाली, "पाच वर्षं कुठे होता हा आवाज?"

तुला खोटं सांगत नाही. कार्यालयात दोनशे माणसं येणार. सगळ्यांची तोंडं मी धरू शकत नाही. कुणीतरी विचारेलच, काय करतोस, कुठे असतोस. तू क्लासमध्ये गणित शिकवतोस, हे मी आता सगळ्यांना सांगतो. चांगलं शिकवतो, असंही सांगतो. मामांनीच सांगितलंय तसं.

सोनालीला मंगलपरिणयाच्या वेळी तिच्या शेजारी कोण उभं राहणार असं विचारलं तर "दादा येईल" एवढंच म्हणते. तू ये. मी समोर असलेला तुला नको वाटत असेल, तर मी जेवणाच्या बाजूला थांबेन, वाढप्यांवर लक्ष ठेवेन. त्रिसरण-पंचशील तिथूनही ऐकू येतं. तिच्याशेजारी तू उभा राहा. हे मी रागाने लिहीत नाही आणि तुला पेचात टाकायलाही नाही. आईशी आणि सोनालीशी बोलून ठरवलं आहे. सोनाली रडली, पण नको म्हणाली नाही.

माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू ठरव, त्याला लग्नाच्या तारखेची मुदत नाही.

उत्तर मात्र लवकर पाठव. "येतो" किंवा "येत नाही", एवढं एका ओळीत पुरे. "येत नाही" आलं, तरी ते आईला मीच वाचून दाखवीन. आणि या वेळी कुणामुळे, तेही मीच सांगेन.

तुझा,
बाबा