कलम अकरा आणि चाळीस दगड

प्रिय खारूताई,

तुझं पत्र सात आठवड्यांनी पोचलं. पाकीट कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलंय, तेही वाकडं. वाचणाऱ्याला तुझ्या गुडघ्यांची आणि तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याची सगळी हकीकत कळली असणार. त्याचा देशाला काय उपयोग झाला ते देव जाणे. विद्यापीठाच्या मेलवरून तुला काही पाठवलं की त्याची नोंद होते, त्यापेक्षा आपलं हे हातानं लिहिणंच बरं. घरी सगळं ठीक. ह्यांनी निवृत्तीनंतर सुतारकाम शिकायला घेतलंय. पहिलं स्टूल तयार झालं, त्यावर फक्त कुंडी बसते. लेक फोन करते तेव्हा बाबांची बोटं किती उरलीत ते आधी विचारते.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस की वर्षअखेर तू निवृत्त होतेस, मोतीबिंदू काढल्यापासून डोळ्यांना मिलिमीटर पेलत नाही, आणि मी आले नाही तर यंदाची मोजणी होणार नाही. वीस वर्षांचं काम असं वाऱ्यावर सोडणाऱ्यांतली मी नाही. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाच्या परवानगी कक्षात गेले. तू लग्न करून ज्या देशात गेलीस तो आता निर्बंधांच्या यादीत आहे म्हटल्यावर तिथल्या अधिकारी बाईंनी एकोणीस पानी अर्ज काढला. बाई आपल्या लेकींहून थोडी मोठी, हुशार, कामाला चोख. सोबत काय नेणार या रकान्यात मी भिंग लिहिलं, तर ते प्रकाशीय उपकरण निघालं. पोलादी मोजपट्टी तांत्रिक साहित्यात गेली. विद्यापीठाचा लॅपटॉप घरी ठेवायचा, फोन कोरा करून न्यायचा. तिकडे व्याख्यान ऐकता येईल पण देता येणार नाही, कारण ती सेवा झाली. "मॅडम, ऐकायला हरकत नाही," बाई म्हणाली, "पण मान डोलावलीत तर सल्ला धरतील." आणि हसली नाही गं.

एवढं सगळं मी निभावलं असतं. दुसऱ्याच्या बोलण्यावर माझी मान तशीही सहसा डोलत नाही. गाडं अडलं ते विद्यापीठाच्या नियमांतल्या कलम अकरावर: त्या देशातल्या कोणत्याही व्यक्तीशी कोणत्याही स्वरूपाचं, कोणत्याही टप्प्यावरचं शैक्षणिक सहकार्य करता येणार नाही. मी आकडा सांगायचा आणि तू वहीत उतरवायचा, हे सहकार्यच की. बाईंनी तासभर त्या वाक्यात फट शोधली आणि शेवटी हात टेकले. ज्यानं कुणी हे लिहिलंय त्यानं मुंगी शिरायला जागा ठेवली नाही, म्हणाली. मी पेलाभर पाणी प्यायले आणि घरी आले.

आपण तुझ्या तिकडच्या त्या उतारावरच्या चाळीस दगडांना रंगाचे ठिपके दिले तेव्हा दोघींच्याही पोरी कडेवर होत्या. दगडफूल वर्षाला अर्धा मिलिमीटर वाढतं. तरी आपल्या बढत्यांपेक्षा वेग बरा, असं तू म्हणायचीस. मी भिंग घेऊन दगडावर पालथी, तू शेजारी वही घेऊन. खिशात गारगोट्या भरभरून आणायचीस म्हणून तू खारूताई झालीस, आणि माझी कात्री कशामुळे झाली ते सांगायला नको. दर पाच वर्षांनी मोजायचं ठरलं होतं. तीन मोजण्या आपण मिळून केल्या. मग हे नियम आले. चौथी तू एकटीनं केलीस, आपला लेख छापायला जाता जाता मला परत मागवावा लागला, आणि तुझ्या त्या विद्यार्थिनीचा माझ्याकडचा प्रवेश रद्द झाला. पोरीनं घरचं सामानसुद्धा बांधलं होतं. असले नियम लिहिणाऱ्याला एकदा दिवसभर दगडावर पालथं झोपवायला हवं, असं तू तेव्हा लिहिलं होतंस. त्या पत्राला मी उत्तर दिलं. त्या वाक्याला दिलं नाही.

असो. विद्या परिषदेत मी कलम अकरा बदलायचा ठराव मांडला. कुलसचिवांनी चष्मा पुसत सुरक्षिततेचं पुराण लावलं. मी म्हटलं, दगडावरची बुरशी किती वाढली हे शत्रूला कळलं तर तो फार तर दगड घासून ठेवील. अर्धी सभा हसली, पण हसणारे सगळेच हात वर करतात असं नाही, हे इतक्या वर्षांत कळलंय. तरी ठराव दोन मतांनी पास झाला. निसर्गातल्या गोष्टींची मोजणी, तिचे आकडे सगळ्यांसाठी खुले राहणार असतील तर, आता कलमातून वगळली आहे. मंगळवारी परवानगी हातात पडली, भिंगासकट.

पण ती दोन मतं कशी मिळाली ते सांगायचं राहिलं, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. सभेत कुणीतरी विचारलं की या कलमाची खाचखोच तुम्हालाच बरी एवढी ठाऊक. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ठाऊक असणारच. ते मी लिहिलंय." त्यावर कुंपणावरचे दोन हात वर गेले. खारूताई, ते वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी मी त्या समितीवर होते. माझी भाषा बरी म्हणून मसुदा माझ्याकडे आला. विभागप्रमुखाची खुर्ची चार हातांवर होती, कुलसचिवांना कडक शब्द हवे होते, मी एका दुपारीत ते दिले, आणि खरं सांगते, वाक्य जमलं म्हणून खूशही झाले. डोळ्यांपुढे बॉम्ब बनवणारे होते, तू नव्हतीस. त्या पोरीचा प्रवेश माझ्या वाक्यानं गेला. तू पाच वर्षं कुलसचिवांना शिव्या घालतेस आणि मी त्या वाचून पान उलटते. आता सभेतल्या बावीस जणांना ठाऊक आहे आणि तुला नाही, हे मला चालणार नाही. दारात बॅग घेऊन उभी राहून सांगितलं असतं, तर पाहुणी म्हणून तू गिळून टाकलं असतंस. म्हणून आधी लिहिते, आणि तुझं उत्तर यायला वेळ मिळावा म्हणून तिकीट चार महिन्यांनंतरचं काढलंय. त्या पोरीचा पत्ता कळव, तिला वेगळं लिहायचंय. मी येणार हे पक्कं. स्टेशनाजवळ एक खोली बघून ठेवली आहे, आणि वेळ आली तर वहीही मीच धरीन. उतरायचं तिथे की तुझ्याकडे, एवढं मात्र तू ठरव.

तुझीच, पुढे काय ते तुझ्या उत्तरावर,
कात्री