दुधाच्या पातेल्यातला पाय

चिमणे,

देवापुढे ठेवायला दूध घ्यावं म्हणून फ्रीज उघडला, तर माझ्या पातेल्यात बकऱ्याचा पाय, आणि त्यावर तू सरावाला घातलेले काळे टाके! शी! त्यात आज माझा उपास, हे तरी ध्यानात ठेवायचं गं.

फेकूनच देणार होते. पण गेल्या वेळी सर्जरीच्या परीक्षेत टाका घालताना हात थरथरला आणि तू नापास झालीस, ते आठवलं. मग श्वास रोखून, देवाचं नाव घेत, तो उचलून बर्फाच्या डब्यात ठेवला. डोक्यावरून आंघोळ केली, तरी बोटांचा वास जाईना.

ते पातेलं आता तुझंच.

मी देवळात आहे. उद्या परीक्षेत हात थरथरू देऊ नकोस. आज माझे थरथरले तेवढे पुरे.

आई