बाकीचे पाच उंदीर

बाई, काल ऑफिसात एक गंमत झाली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आमच्या टीमने कॉम्प्युटरला फोटोंवरून रस्त्यातले खड्डे ओळखायला शिकवलं होतं. पुण्यात त्याला उदाहरणांची काय कमतरता! एकमेकांना शाबासकी देऊन झाली आणि मग कळलं, तो खड्डा बघतच नव्हता. खड्ड्याशेजारी उभं केलेलं पिवळं बॅरिकेड बघत होता. पोरं हिरमुसली, मी मात्र हसत सुटले. मला आपल्या मानसशास्त्र विभागामागची पत्र्याची खोली दिसत होती.

मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सहा पांढरे उंदीर, आणि शेवटी दोन फाटे फुटणारी प्लायवूडची बोळ. नियम सोपा, उजवीकडे वळायचं. वासाने कळू नये म्हणून दोन्ही टोकांना जाळीखाली शेंगदाणा ठेवायचा, उंदीर बरोबर वळला तरच जाळी उचलायची आणि प्रत्येक फेरीनंतर स्पिरिटच्या बोळ्याने बोळ पुसून काढायची, हा तुमचा दंडक. सहा आठवडे मी तो इमानेइतबारे पाळला आणि सगळे उंदीर बिनचूक उजवीकडे वळायला लागले. तुम्ही आलात, पाहिलंत आणि उजव्या भिंतीच्या खिळ्यावरचा माझा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्कार्फ काढून डावीकडच्या खिडकीला बांधलात. स्कूटीवरून येताना तोंडाला गुंडाळायचा आणि आल्याबरोबर त्याच खिळ्याला अडकवायचा, ही माझी रोजची सवय. उंदीर एकजात डावीकडे वळले.

"सहा आठवडे आपण यांना स्कार्फ शिकवलात," तुम्ही म्हणालात. "छान शिकलेत हो."

मला रडू फुटलं. तेव्हा थर्मासमधला चहा पुढे करून तुम्ही म्हणालात, "रडतेस काय? त्यांचं काही चुकलेलं नाही. तुझ्या डोक्यात एक नियम होता, त्यांना दुसरा सापडला. कुणाला काय सापडलंय, ते जागा बदलल्याशिवाय कळत नाही."

मग आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी नियम अवघड होता: मागच्या खेपेला जिकडे वळलं, त्याच्या उलट जायचं. स्कार्फ डिकीत आणि मी पडद्याआड. दोन महिन्यांनी त्यांना ते जमलं. तुम्ही म्हणालात, आता जागा बदलू. वरच्या मजल्यावरचा रिकामा वर्ग, पुठ्ठ्याची नवी बोळ, आकार निराळा, उजेड निराळा. पहिला उंदीर सोडला. तो डावीकडे गेला, दाणा खाल्ला. दुसऱ्या खेपेला फाट्यावर थांबला. मान इकडे, मान तिकडे, मिशा थरथरतायत. तो उजवीकडे गेला. मग डावीकडे, मग उजवीकडे. दहा खेपांत एकदाही चुकला नाही. ज्या खोलीत तो जन्मात आला नव्हता, तिथे तो आपला नियम बरोबर घेऊन आला होता. एवढासा जीव, एवढंसं डोकं! माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. मी त्यानंतर इतकी यंत्रं शिकताना पाहिली, पण तसा काटा पुन्हा आला नाही.

"बाकीचे पाच उद्या. साडेसातला ये," तुम्ही म्हणालात. मी पीएच.डी. करणार, हे तुम्ही धरूनच चालल्या होतात. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीला निघाले होते. तेव्हा आमच्या सोसायटीत जो तो कॉम्प्युटरचे क्लास लावून अमेरिकेकडे डोळे लावून बसला होता, आणि मीही त्यातलीच. नोकरी लागली. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. परीक्षेपुरती कॉलेजात आले, तेही तुमच्या खोलीवरून जायला नको म्हणून मागच्या जिन्याने.

आता दर वर्षी नव्याने लागलेल्या पोरांना मी ही गोष्ट सांगते. हमखास कुणीतरी विचारतं, "मॅम, सगळे रॅट्स करेक्ट गेले?" मी हो म्हणते, अगदी ठासून. बाई, मी एकच पाहिला होता. बाकीच्या पाचांनी काय केलं ते फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही होतात तोवर मी विचारायला आलेच नाही.