झोक्काच्या घाटात लाल आणि पिवळी

प्रिय निवेस,

तू हसशील, पण सांगतोच. शनिवारी तुझा बाप ट्रॅक्टरवाल्यांच्या, म्हणजे तुझ्या कंपनीच्या, गाडीत बसला. नुसता बसला नाही, चालवलीसुद्धा. सकाळी आमची लाल, दुपारी तुमची पिवळी, आणि दोन्ही झोक्काच्या घाटात. बारमधल्या मंडळींनी मला वाळीतच टाकलंय. "एर्मेस, जन्मभर मारानेल्लोच्या लाल गाड्यांच्या कारखान्याचं मीठ खाल्लंस आणि म्हातारपणी सांतआगाताच्या ट्रॅक्टरवाल्यांना फितूर झालास?" म्हणतात. तू तिथे नोकरीला लागलीस तेव्हा हेच मी तुला म्हणालो होतो आणि तू दिवसभर हसत होतीस, आठवतं?

लाल म्हणजे विन्योलाच्या दंतवैद्याची, जिची देखभाल मी अजून करतो. इंजिन गार असताना तिचा दुसरा गिअर पडत नाही. चिडायचं नाही, पहिल्यातून थेट तिसऱ्यात जायचं आणि तेल तापेपर्यंत तिच्या कलाने घ्यायचं. एकदा तापली की मग बघ. स्टिअरिंग हलक्या हाताने धरलं तरी रस्त्यावरचा खडान् खडा तळहाताला कळतो. सगळा जोर मागच्या चाकांना, त्यामुळे वळणात पाय जरा लवकर दाबला की शेपटी बाहेर निघते, आणि तिला गोडीगुलाबीने आत आणावं लागतं. दर वळणाला विचारते, नक्की ना? घाट उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी शीळ घालत होतो. तुझी आई दारातच म्हणाली, "सत्तरी उलटली, पण तोंड तेच, चोरून जॅम खाल्लेल्या पोरासारखं." चेरीची झाडं यंदा लगडली आहेत, म्हणून घरभर जॅमच आहे.

दुपारी पिवळी घेऊन तित्सियानो आला. पत्र मिटू नकोस, पुढे वाच. सहा वर्षं चाचणीच्या गाडीत तुझ्या शेजारी बसला, तो हा मुलगा आता काठीशिवाय चालतो. आमच्या पायऱ्या दोन-दोन करून चढला. किल्ली माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "एर्मेसकाका, आज नाही म्हणालात तर काकूंना सांगेन की घाबरलात." मग काय करणार?

तुझी गाडी, पोरी, वेगळंच जनावर आहे. इतकं खाली बसावं लागतं की आत शिरताना माझे गुडघे कुरकुरले. पाठीशी इंजिन भट्टीसारखं धगधगतं. पहिल्या वळणात मी सवयीने शेपटी सुटायची वाट पाहत राहिलो, ती सुटलीच नाही. चारही चाकं रस्ता घट्ट धरतात. जिकडे नाक वळवावं तिकडे गाडी जाते, काही न विचारता. ब्रेक लावला की कुणीतरी छातीवर हात ठेवून थांबवल्यासारखं वाटतं. खोटं कशाला बोलू, मला मोह पडला. तरी माझी ती लालच. पण तू सकाळी गाणं म्हणत कामाला का जायचीस, ते मला समजलं.

जिथे तुमचा अपघात झाला त्या वळणावर तित्सियानोने गाडी थांबवायला लावली. भिंतीत नवे दगड बसवलेत, ते अजून पांढरे दिसतात. आम्ही उतरलो. तो म्हणाला, "हरीण समोर आलं आणि गाडी भिंतीकडे निघाली, काका. माझ्या बाजूने आदळणार होती. निवेसने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. ती सगळ्यांना सांगते की गाडी हातातून सुटली. सुटली नव्हती."

मी नुकताच पिवळीतून उतरलो होतो, म्हणून मला लगेच उमगलं. लाल असती तर म्हटलं असतं, शेपटी फिरली, नशीब. पिवळी अशी आपण होऊन फिरत नाही. फिरवली तरच फिरते. भिंतीला तू तुझी बाजू दिलीस. त्याचा पाय मोडला हेच तू इतके महिने धरून बसली आहेस, आणि तो म्हणतो की तुझ्यामुळेच तो जिवंत आहे. मी त्या दगडांवर हात फिरवत उभा राहिलो.

फोनवर त्याचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. त्याला मुलगी झाली आहे. जूनमध्ये बाप्तिस्मा आहे आणि धर्ममाता म्हणून त्याला तूच हवी आहेस. "तिच्या तोंडून नकार ऐकायची माझ्यात हिंमत नाही, तुम्हीच विचारा," म्हणाला आणि तोंड फिरवून नाक शिंकरत राहिला. म्हणून मी विचारतो आहे. परत गाडी चालवायची की नाही ते तुझं तू ठरव, मी तो विषय काढणार नाही. रिमिनीहून आगगाडीने ये, मोदेनाला मी घ्यायला येतो. फक्त एक सांग, अपघातात मोडलेलं तुझं मनगट भरून आलं ना? बाळ चांगलं गुटगुटीत आहे आणि चर्चमध्ये बराच वेळ तुलाच धरायचं आहे.

तुझाच,
बाबा