ऊन चढायच्या आधी

वटार, ता. वसई
१० फेब्रुवारी १९८१

प्रिय प्रेमला,

खूप खूप आशीर्वाद. मी अमळनेरला तुझ्याकडे यायचं ठरवलं आहे. पत्र हातात धरून अशी ताठ उभी राहू नकोस, आधी खाली बस आणि मग पुढे वाच. महाशिवरात्रीचा उपास इथेच करीन, पारणं झालं की निघेन आणि होळी पेटायच्या आत परत. त्याच्यापुढे एक दिवससुद्धा नको. लग्न होऊन तिकडे गेलीस तेव्हापासून तू सांगत आलीस, ताई, इथे चैत्रातच भिंती तापतात, अंथरुणावर पाणी शिंपडून निजावं लागतं. शेजारच्या आलोशियसची बायको मटिल्डा मला हसली. म्हणाली, "लीलाबाय, लोक उनाला भिऊन डोंगरावर जातात, आनि तू खानदेशात चाललीस?" मी म्हटलं, अगं म्हणून तर आत्ताच जाते. सकाळी अंगावर शाल लागते तोवरच तो मुलूख बघून घ्यावा.

सगळं ठरवून झालं आहे. विरारहून संध्याकाळची गाडी, सुरतेला उतरायचं, आणि तिथून तापी लाइनीची रात्रीची गाडी. रात्रभर खिडकीतून वारा, आणि सकाळी ऊन कोवळं असतानाच तुझं स्टेशन. दिवसाच्या पॅसेंजरचं नाव मी काढणार नाही, तूही काढू नकोस. गंगारामरावांनी पोस्टातून सुटी घेऊन स्टेशनवर यावं, एवढंच. पाण्याचं म्हणशील तर फिरकीच्या झाकणाचे दोन तांबे घेतले आहेत, शिवाय मातीची सुरई आणि बाटलीभर कोकमाचं आगळ. हलकं पांढरं लुगडं, डोक्याला ओला पंचा, पिशवीत कांदा. हसलीस तरी चालेल. गाडी कुठे थांबो, कितीही वेळ थांबो, मी जागेवरून हलणार नाही. पाण्यासाठी तर मुळीच खाली उतरणार नाही.

इकडची खबर म्हणजे, केळी यंदा बरी आहे. पावसाळ्यात दोन रांगा आडव्या झाल्या होत्या, पण राजेळीचे घड चांगले भरलेत. मागच्या अंगणात केळी सोलून सुकेळी वाळत घातली आहे, ती घेऊन येईन. तुला लहानपणी सुकेळी किती आवडायची, आई डब्याला कुलूप घालायची. मोगऱ्याची छाटणी झाली, आता पहिल्या कळ्या धरतील. पानवेली मात्र काढून टाकल्या. तुझे भाऊजी होते तोवर त्या नाजूक वेलींची कोणी हेळसांड केली नाही. मला एकटीला ते झेपेना. वाडीला पाणी लावायला माणूस ठेवला आहे, गाय मटिल्डा बघणार आहे. ती पोर चांगली आहे. दोन वर्षांपूर्वी आगाशीकडून लग्न होऊन आली, तिला आपल्या घरातलं जुनं काही ठाऊक नाही. कधी कधी त्याचंच बरं वाटतं. तिच्याशी नुसतं भाजीपाल्याचं बोलता येतं.

हा प्रवास खरं तर ह्यांचा होता, प्रेमला. दर माघात हे नालासोपाऱ्याच्या स्टेशनवर जाऊन तापी लाइनीच्या गाड्या विचारून यायचे. ओटीवर बसून मला सांगायचे, "फाल्गुनात जाऊ. ऊन चढायच्या आधी जाऊन येऊ. प्रेमलाच्या पायाशी बसतो आणि काय बोलायचं ते बोलतो." मी पिशवी काढायची. मग फाल्गुन उजाडला की हे ती पिशवी पुन्हा माळ्यावर टाकायचे. एकदा तर विरारच्या फलाटापर्यंत जाऊन परत आलो. गाडी समोर उभी, दारं उघडी, आणि हे खांबाला धरून उभे. गाडी निघून गेली तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." दिवाळीच्या तोंडावर गेले, तेव्हा पुढच्या वर्षीचंच बोलत होते.

तू तेराव्याला आली नाहीस. मी रागावले नाही. त्या मे महिन्यानंतर तू वसईची वाट मोडलीस आणि मीही तुला बोलावलं नाही. त्या दिवसाचं आपण दोघी कधी बोललो नाही. तू ह्यांना फक्त नंदुरबारच्या स्टेशनवर पाहिलंस. त्याच्या आधीचं मी ऐकलं ते तुलाही ऐकू दे. ह्यांच्याबरोबर इकडे यायला निघालेली तुझी चंदा सकाळपासून गाडीत बडबडत होती. मावशीने ताडगोळे काढून ठेवले असतील का, बावखलाच्या तळ्यात पाय सोडून बसलं तर मासे चावतात का, झोपाळा किती उंच आहे. गाडी दोंडाईचा सोडून उघड्या माळावर उभी राहिली. पुढे मालगाडीचा डबा घसरला होता. छप्पर तव्यासारखं तापलं. चंदा हळूहळू गप्प झाली, मग तिचा घाम थांबला आणि अंग निखाऱ्यासारखं झालं. बरोबरचं पाणी संपलं होतं, डब्यात कोणाकडेच घोट उरला नव्हता. लांब एका शेतात मोट चाललेली दिसत होती. दुपार कलेपर्यंत गाडी हलणार नाही असं जो तो सांगत होता. ह्यांनी तिला समोरच्या बाईच्या मांडीवर दिलं आणि तांब्या घेऊन धावले. पाणी भरून निम्म्या वाटेवर आले आणि गाडीने शिटी दिली.

हे गाडीमागे धावले. ढेकळांत पडले, उठले, पुन्हा धावले. हातातला तांब्या मात्र सोडला नाही, फिरकी लावलेली होती म्हणून पाणी सांडलं नाही. मग रुळांवरून चालत नंदुरबारला पोचले. तोवर त्या बाईने चंदाला स्टेशनात उतरवलं होतं, डॉक्टर येऊन गेला होता, आणि सगळं संपलं होतं. ती बाई शेवटपर्यंत तिच्या कपाळावरून हात फिरवत होती, असं स्टेशनातल्या हमालाने ह्यांना सांगितलं. ती कोण, कुठली, ते विचारायचं राहून गेलं. तू आणि गंगारामराव पोचलात तेव्हा हे भिंतीला टेकून बसले होते, ओठ फुटून रक्त आलेलं, मांडीवर भरलेला तांब्या. तू म्हणालीस, "भाऊजी, माझी पोर कोणाच्या हातात दिलीत?" बरोबरच होतं ते. कोणती आई दुसरं काय बोलली असती? फक्त तुला एक ठाऊक नाही. त्या तांब्यातलं पाणी ह्यांनी स्वतः चाखलंही नव्हतं. आणि पुढे मरेपर्यंत दुपारच्या वेळी पाण्याचा थेंब घेतला नाही. मी हातात पेला द्यायची, हे खाली ठेवायचे.

त्या संध्याकाळी मी काय करत होते सांगू? ताडगोळे सोलून पाण्यात घातले होते. जांभळाला झोपाळा बांधून घेतला होता. अंधार पडला तरी हे आणि चंदा आले नाहीत, म्हणून मी पुन्हा पुन्हा फाटकाशी जात होते आणि परत येत होते. दुसऱ्या दिवशी तार आली. झोपाळा मी कोणाला सोडायला सांगितला नाही, पावसाने दोर कुजून तो आपोआप खाली पडला.

तेराव्याला गंगारामराव एकटेच आले. जेवणं उरकल्यावर ते मागे विहिरीपाशी आले आणि माझ्यासमोर रडले. म्हणाले, "ताई, प्रेमला माझ्या हातातून चाललीय." तुझ्या धाकट्या प्रमोदिनीबद्दल सांगितलं. माघ संपला की तू खिडक्यांना गोणपाट ठोकतेस. पावसाळा लागेपर्यंत पोरीला मधल्या खोलीतून हलू देत नाहीस, दिवसभर तिच्या अंगाला ओले कपडे लावतेस, रात्री उठून उठून तिचा श्वास बघतेस. चार वर्षांच्या पोरीने दुपारचं ऊन कधी पाहिलेलं नाही. आता शाळेची वेळ आली तर तू म्हणतेस, शाळा नको. गेल्या उन्हाळ्यात तिने दार उघडून अंगणात पाय टाकला, आणि तू अशी किंचाळलीस की शेजारपाजार गोळा झाला. पोर आता सूर्याला भिते, असं ते म्हणाले. मला तुझा राग आला नाही. मला ह्यांचा पेला आठवला.

गंगारामरावांनी मला विनवलं की तुम्ही या, आणि या दोघींना चार-सहा महिने वटारला घेऊन जा. समुद्राचा वारा आहे, झाडांची सावली आहे, पोर मोकळी होईल. प्रेमलाला फक्त आंब्यांचं निमित्त सांगा, बाकी काही बोलू नका, असं म्हणाले. तेव्हा मी येते आहे ती नुसती राहायला नाही. परतीच्या गाडीला आपण तिघी असणार. तीच लाइन, तोच माळ. तो लागेल तेव्हा रात्र असेल आणि गार वारा असेल, आणि प्रमोदिनी माझ्या मांडीवर असेल. मी तिला कोणाच्या हातात देणार नाही. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. पण आंब्यांचं खोटं सांगून मला तुला आणायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. वाचून झाल्यावर पत्र गंगारामरावांना दाखवू नकोस. ते म्हणतील, ताईसुद्धा बिघडल्या.

तुझे भाऊजी शेवटची चार वर्षं भर दुपारी बावखलाच्या काठी जाऊन बसायचे. कोणाशी तरी बोलायचे. वाडीतली माणसं तिकडे फिरकेनाशी झाली. मीही समजले की डोक्यावर परिणाम झालाय. शेवटच्या आजारात एका दुपारी ह्यांनी माझा हात धरला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "लीला, चंदा पोचली गं. तिला वटारलाच यायचं होतं ना, ती आलीय. पाणी मागत नाही आता. एवढंच विचारते, आई कुठाय. मी गेलो तर तिला उत्तर द्यायला कोणी राहायचं नाही." मी होय होय म्हटलं, जसं तापात बडबडणाऱ्याला म्हणतात तसं. संक्रांतीला मटिल्डा तिळगूळ घ्यायला आली आणि सहज म्हणाली, "तुमच्याकडं कोनाची पोर आलीय? पिवळ्या झग्यातली. बावखलाशी एकटी खेळते, पडंल ना." प्रेमला, निघताना तू चंदाला कोणता झगा घातला होतास ते मटिल्डाला कोण सांगणार? मी ते माझ्या नवऱ्यालाही कधी विचारलं नव्हतं, पिवळा होता की नाही ते तुलाच ठाऊक. त्यानंतर मी दुपारी तिकडे जाऊन बसू लागले. मला ती दिसली नाही. पण केळींच्या मागून हाक यायची, "मावशी, आई कुठाय?" मी सांगायची, येतेय हं बाळ, ऊन चढायच्या आधी येतेय. रोज हेच. मला वेड लागलं असं तू म्हण, हवं तर तिथे येऊन स्वतः बस आणि काही ऐकू आलं नाही तर मला तोंडावर वेडी म्हण. पण गेले काही दिवस ती तो प्रश्न विचारत नाही. पाण्यात पाय हलल्याचा आवाज येतो, ती असते, तेवढं कळतं. काल मीच न राहवून म्हटलं, "चंदा, आई यायची आहे बरं का." तर केळींच्या मागून तिने मला विचारलं, "कोण आई?" म्हणून घाईने लिहिलं. वर काही लिहिलं असलं तरी आता मी शिवरात्रीची वाट बघत नाही, याच आठवड्यात निघते. तू पिशवी भरून ठेव.

तुझीच,
लीलाताई