कुठवर आलं?

२ ऑगस्ट
आजपासून धंदा ऑनलाइन. भाचीने दुपारी दुकानात बसून पेज काढून दिलं. वडिलांच्या वेळेपासून वह्या-पुस्तकं बांधायच्या या खोलीत सुई, दोरा, खळ आणि कागद कापायचं यंत्र एवढीच हत्यारं. आता पाचवं हत्यार, फोन. भाचीची ताकीद: मामा, काही झालं तरी रोज एक पोस्ट. म्हटलं, संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला शब्दांची वानवा नाही. तीच भीती आहे, म्हणाली.
माझ्या नावापुढे लिहिलं: संस्थापक व मुख्य कारागीर. बायकोने वाचलं. संस्थापक सासरे, शिलाई मी घालते, मग यात तुम्ही नेमके कुठे, असा तिचा प्रश्न. तिला ब्रँडिंग कळत नाही. थोडं टोचलं. बदललं मात्र नाही.

३ ऑगस्ट
कंपाउंडरकाका आले. दवाखान्यात चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधल्या. आता गुडघे गेले. दुकानाच्या चार पायऱ्या चढताना तीनदा थांबले. ठिगळं जोडून केलेल्या पिशवीतून एक वही काढली. काकूंची. काकू कपडे शिवायच्या, तीस वर्षांची मापं या एका वहीत. गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगी दूर देशी असते, सध्या आलेली आहे, वीसच्या सकाळच्या विमानाने परत जाणार. तिच्याबरोबर वही द्यायची आहे, एकोणीसपर्यंत हवी. शिवण सुटत आलेली, पाठ फाटलेली. चार दिवसांचं काम. म्हटलं, काका, एकोणीस कशाला, दहालाच तयार. आणि आता खेटे घालू नका, कुठवर आलं ते सगळं आमच्या पेजवर दिसेल. मुलीकडून शिकून घेतो म्हणाले.
ग्राहकसेवा याला म्हणतात.

५ ऑगस्ट, सायंकाळी
वहीचा फोटो टाकला. 'एका वहीची कहाणी, भाग १'. दुपारपर्यंत ४१ लाइक. एवढी माणसं खोलीत मावणारही नाहीत. खाली एक कॉमेंट: 'कुठवर आलं?' गुलाबाचा फोटो, नावाच्या जागी नुसते आकडे. नाव लपवतो म्हणजे माणूस मोठ्या पदावरचा असणार. उत्तर दिलं: 'आपुलकीबद्दल आभार. प्रवास सुरू आहे, सोबत राहा.'
वहीला हात लागला नाही. दिवसभर फोनचं काम झालं. तेही कामच.

८ ऑगस्ट
'बांधणीचे पाच सुवर्णनियम' ही पोस्ट. नियम पहिला: जुनी वही उसवण्याआधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा घालावा. नियम चौथा: पाठ चिकटवल्यावर वही दोन दिवस दाबात ठेवावी. वडिलांनी हे मला पट्टी उगारून शिकवलं. पोस्टमध्ये पट्टीचा उल्लेख टाळला.
गुलाबवाले पुन्हा: 'कुठवर आलं?' या गृहस्थांना माझ्या वाटचालीत मनापासून रस दिसतो. 'उत्तम प्रगती' असं कळवलं.
बायकोने वही मागितली, शिलाई घालून टाकते म्हणाली. म्हटलं, अजून भाग २ व्हायचाय. तिने सुई उशीत परत खोचली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

११ ऑगस्ट
नेटवर्किंगचा दिवस. साठ जणांना निरोप: 'आपली जुनी ओळख नव्याने दृढ करू या.' न्यायशास्त्राच्या तासाला माझ्या शेजारी झोपणाऱ्या वर्गमित्राचा लगेच फोन. गहिवरलो. पाऊण तास बोललो. तो विमा विकतो. तो मला पॉलिसी देऊ पाहत होता, मी त्याला चामडी बांधणीच्या डायऱ्या. दोघांनीही अत्यंत आत्मीयतेने काहीच घेतलं नाही.
दहा तारीख काल होऊन गेली हे लिहिताना ध्यानात आलं. तरी खरी मुदत एकोणीस. तेव्हा दहाला उशीर झाला, असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही.

१४ ऑगस्ट, दुपारी ३
भाचीचा सल्ला, हल्ली व्हिडिओ चालतो. वही उसवली. ब्याण्णव पानं सुटी करून फरशीवर गोलाकार मांडली, कमळासारखी. मधोमध दोऱ्याचं रीळ. देखणं दिसत होतं, पण जीव नव्हता. पंखा लावला, एकवर. पाकळ्या थरथरल्या. अजून थोडं हवं होतं. तीनवर लावला.

१४ ऑगस्ट, दुपारी ३.२०
कपाटाखालची सात आणि पायरीवरचं एक धरून ब्याण्णव भरली. एकही पान हरवलं नाही.
आकडे घातले नव्हते.

१४ ऑगस्ट, सायंकाळी
व्हिडिओला ३१२ लाइक. वहीत कुठेही तारीख नाही. नाव, मग छाती, कंबर, बाही, उंची. पुढचं नाव. गुलाबवाल्यांनी या वेळी काही विचारलं नाही. 'पानं छान दिसतात' एवढंच लिहिलं. मी लाल बदाम पाठवला.

१६ ऑगस्ट
शाईचा रंग आणि तेलाचे डाग पाहून क्रम लावला. पाच वेगवेगळे क्रम निघाले, पाचही पटण्यासारखे. शेवटी मापांचीच वही, कशीही लावली तरी आत मापंच. कुणाला कळणार आहे? हे मनात आलं तेव्हा खुर्ची फिरवून वडिलांच्या फोटोकडे पाठ केली. तरी कळत होतं ते बघतायत.
संकल्प: उद्या काकांना खरं सांगायचं.

१७ ऑगस्ट
सांगायला निघालो. कोपऱ्यावर पोहोचतो तोच पोस्ट सुचली, ती विसरू नये म्हणून परत फिरलो. 'ग्राहकाशी पारदर्शकता का हवी?' ८८ लाइक. काकांकडे जायचं राहिलं.
पाच वाजता गुलाबवाले: 'मुलीची बॅग भरून झाली. वहीपुरती जागा ठेवली आहे. कुठवर आलं?'
तीनदा वाचलं. फोन पालथा घातला. मग उचलून मागची सगळी उत्तरं वाचली, माझी. प्रवास सुरू आहे, सोबत राहा. खेटे घालू नका, पेज बघा, असं मीच सांगितलं होतं. गुडघे गेलेल्या माणसाने ऐकलं.

१८ ऑगस्ट
बायकोला सांगितलं. रागावली नाही. बरोबर येऊ का, विचारलं. नको म्हटलं. ती आली असती तर तिच्यामागे उभं राहता आलं असतं, आणि तेवढं मी स्वतःला ओळखतो.
काकांकडे गेलो. मुलगी बाहेर गेली होती. टेबलावर सुट्या पानांचा खोका ठेवून 'काका, पानं मिसळली' एवढंच म्हणालो. ते ओरडतील अशी आशा होती. त्यांनी चष्मा पुसला. मग दर वर्षी शाळा उघडायच्या आधी काकू मुलीचा फ्रॉक शिवायच्या, तेवढी मापं शोध म्हणाले. फ्रॉकची उंची सोळा. अठरा. एकवीस. मुलगी टेबलावर वाढत गेली आणि पानं तिच्यामागे ओळीने उभी राहिली. मधल्या जागा काकांच्या कमरेने भरल्या, अठ्ठावीसपासून छत्तीसपर्यंत. तिथे ते हसले. हिने टेप ओढून धरलेली असायची, नाहीतर चाळीस भरली असती म्हणाले.
शेवटच्या पानांत मुलगी नाही. ती तोवर दूर गेली होती. तिथे काकूंचं स्वतःचं माप. छत्तीस. चौतीस. एकतीस. एकोणतीस. ही पानं काकांनी एकट्याने लावली, मला विचारलं नाही. शेवटचं पान बराच वेळ हातात धरलं.
मग मी पेन्सिलीने आकडे घातले. एक ते ब्याण्णव.

१९ ऑगस्ट
बायकोने सकाळी शिलाई घातली. दुपारी पाठ चिकटवली, वही दाबात ठेवली. हवा दमट, खळ ओली. नियम चौथा. काकांना फोन केला, तशीच नेता का? ओली वही प्रवासात पुन्हा सुटेल, नको, म्हणाले. उद्याच्या विमानाला वही नाही.

२० ऑगस्ट
विमान गेलं. वही दाबात.
रात्रभर मन खात होतं, तेव्हा सकाळी जाहीर माफी लिहिली. 'एका कारागिराची कबुली.' काहीही लपवलं नाही. पंख्याचा आकडासुद्धा खरा दिला. ६४० लाइक, आजवरचा उच्चांक. वर्गमित्राने 'प्रेरणादायी' लिहून खाली स्वतःचा फोन नंबर दिला. भाची म्हणाली, मामा, याचा भाग २ करा. मी विचार करतो म्हणालो. हे वाक्य खोडावंसं वाटतंय, पण मी विचार केला होता.
गुलाबवाल्यांकडून काही नाही. दर दहा मिनिटांनी बघतोय.

२२ ऑगस्ट
वही घेऊन गेलो, त्यांच्याच ठिगळांच्या पिशवीतून. काकांनी पाठीवरून हात फिरवला, मधलं एक पान उघडलं, मिटलं. पेजवर लिहिलेलं वाचलंत का, मी विचारलं. मुलगी गेल्यापासून फोन उघडलाच नाही म्हणाले. कुठवर आलं, हे आता कशाला विचारायचं होतं त्यांना? मग वही मांडीवर घेऊन म्हणाले:
"तिला द्यायचीच होती रे. पण राहिली थोडे दिवस घरात."
जिना उतरताना वाटलं, म्हणजे एका अर्थी उशीर झाला तो पथ्यावरच पडला. असं दुसऱ्या पायरीपर्यंत वाटलं. सहाशे चाळीस जणांची माफी मागून झाली होती. ज्याची मागायची, त्याची राहिली होती. परत वर गेलो. दार वाजवलं. काका एकेक पाऊल टाकत आले. गुडघ्यांचा आवाज मला दाराबाहेर ऐकू येत होता.
"काय रे, काय विसरलास?"
"पिशवी," मी म्हणालो.
त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून दिली. मी घेतली.

२२ ऑगस्ट, सायंकाळी
बायको विचारते, काकूंनी शिवलेली पिशवी आपल्या घरात कशी? उद्या परत करायला जाईन. माफीही तेव्हाच मागेन. दोन्ही कामं एका खेपेत.