पायरीवर टाकलेलं पाकीट

अण्णा, आपल्या वावरातल्या अळीला मी विष खाऊ घातलं आणि ती मेली नाही. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, की आईचासुद्धा तुमच्यावरचा राग निवला. माझा नाही निवला.

वडीगोद्रीचं बियाण्याचं दुकान आठवतं? मी कृषी कॉलेजात नुकती जायला लागले होते. बीटी कपाशीच्या, म्हणजे झाडातच अळीचं विष असलेल्या कपाशीच्या, पुड्याबरोबर साध्या सरकीचं एक छोटं पाकीट यायचं. सगळेच ते फेकायचे, तुम्ही तर दुकानाच्या पायरीवरच टाकलंत. मी उचललं आणि सांगू लागले, की हे वावराच्या कडेनं लावायचं, त्यावर विष न पचणाऱ्या साध्या अळ्या जगतात. विष पचवणाऱ्या एखाद्या अळीचा पतंग झाला आणि त्याचा जोडा अशा साध्या अळीच्या पतंगाशी जमला, तर पुढची पिल्लं विषानं मरतात. तुम्ही आधी नीट ऐकत होता. मग दुकानदार हसला आणि तुम्हीही हसलात. "अळीला पोसायला वावर सोडू का? चार बुकं वाचली अन् बापाला शेती शिकवून राह्यली!" सगळं दुकान हसलं. नंतर बसस्टँडवर तुम्ही मला भजी घेऊन दिलीत. मला त्या भज्यांचाही राग आला.

पुढं बीटीलाही न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आली. बोंड फोडावं तर आत सरकी पोखरलेली. तेव्हा दुकानात हसलेलेच आईला विचारत होते, "पोरगी काय म्हणती?" तुम्ही मात्र त्याआधीच सुटलात, माझं बरोबर होतं असं एकदाही न म्हणता. आता वेगळं पाकीट येत नाही. साधं बी पुड्यातच मिसळून देतात, तुमच्यासारख्यांना फेकता येऊ नये म्हणून.

आता मी संशोधनाला लागले आहे. भावानं एसटीच्या पार्सलनं आपली किडकी बोंडं पाठवली. सरकीच्या पिठाचा लगदा शिजवून त्यात बीटीचंच विष कालवते आणि अळ्यांना देते. ज्या जगतात त्यांच्या आतड्यात विष का चिकटत नाही, कुठलं जनुक बदललं, ते शोधते. आज डबी उघडली तर एक गुबगुबीत, गुलाबी अळी वळवळत होती. मला आनंद झाला, अण्णा, आणि त्या आनंदाचाच संताप आला. जिंकले तरी कुणासमोर?

हे पत्र टाकायला कुठं पेटी नाही, म्हणूनच हेही लिहून टाकते. ज्यांच्या हाताखाली संशोधन करते त्या मॅडमनी विचारलं, "वडील काय म्हणतात तुझ्या कामाबद्दल?" तुम्ही नाही हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, सगळ्या गावाला सांगत फिरतात.